विश्रांतीला शास्त्र मानणारे स्वामी कुवलयानंद

बडोद्यात हल्ली ‘रिस्टोरेटिव्ह योगा’चे वर्ग निघाले आहेत. तिथे लोड, उशा आणि घडी घातलेली ब्लँकेटे घेऊन माणसे एकेका आसनात दहा-दहा मिनिटे नुसती पडून असतात. आमच्या मंडळातील काही ज्येष्ठांना याचे हसू येते. पडून राहण्यासाठी शिकवणी लावायची आणि वर फी भरायची, ही कल्पनाच त्यांना पटत नाही. उलट बँकेत, शाळेत, कारखान्यात दिवस काढून रात्री अंथरुणावर कूस बदलत राहणारी मंडळीही आमच्यात पुष्कळ आहेत. पडून राहिले म्हणजे विश्रांती मिळतेच असे नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.

विश्रांती शिकावी लागते का, आणि शिकली तर शरीरात नेमके काय होते, या प्रश्नामागे शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस लागला होता. तो जन्माने आपल्या शेजारच्या डभोईचा आणि शिक्षणाने बडोद्याचा. स्वामी कुवलयानंद हे त्यांचे नाव जगभरच्या योगाभ्यासकांना ठाऊक आहे. ते आपलेही आहेत, हे मात्र आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत.

डभोईचे जगन्नाथ गुणे

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोईला झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. हिरा भागोळीच्या देखण्या वेशीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हा गायकवाडी राज्यात होते. घरची परिस्थिती बेताची, इतकी की काही काळ लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. मुलगा मात्र बुद्धीने तल्लख निघाला. १९०३ साली मॅट्रिक होताना त्याने संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. त्या काळी या शिष्यवृत्तीला फार मोठा मान होता.

ते दिवस सयाजीराव महाराजांचे होते. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्यात होते आणि इथल्या कॉलेजात शिकवत होते. तिकडे पुण्याहून लोकमान्य टिळकांचे लेखन तरुणांची मने पेटवत होते. जगन्नाथावर या दोघांचाही प्रभाव पडला. देशासाठी आयुष्य द्यायचे त्याने ठरवले आणि आजन्म ब्रह्मचारी राहण्याचे व्रत घेतले.

त्याला पहिले गुरू लाभले तेही बडोद्यातच. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि माणिकराव हे त्यांचे मराठी शिष्य, ही जोडी बडोद्याच्या जुन्या घरांत अजून अभिमानाने सांगितली जाते. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ घडला. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती आणि देशी भाषेतल्या हुकुमांवर चालणारी कवायत यांची तिथे शिस्त होती. पुढे जो माणूस शवासनाचे महत्त्व जगाला सांगणार होता, तो तरुणपणी आखाड्यातल्या लाल मातीत घाम गाळत होता, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. अंगात कष्टाची ताकद नसलेल्या माणसाने विश्रांतीची थोरवी गायली असती, तर लोकांनी त्याला आळशी म्हणून सोडून दिले असते. कुवलयानंदांच्या बाबतीत तशी सोयच नव्हती.

अमळनेर ते मालसर

शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशात गेले. लोकांत अज्ञान आहे, जातीपातींच्या भिंती आहेत आणि त्यावर शिक्षण हाच उपाय आहे, असे त्यांचे मत झाले होते. अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतले आणि १९१६ साली तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय विचारांची ही संस्था सरकारच्या डोळ्यांवर आली आणि १९२० साली बंद पडली.

त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी भेट घडली होती. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या मालसर येथे नर्मदेच्या काठी परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले आणि योगाची दीक्षा घेतली. हा सहवास दोनच वर्षांचा ठरला, कारण १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. पण त्या दोन वर्षांत गुणे यांना शरीरात आणि मनात जे बदल जाणवले, त्यांनी ते चकित झाले.

इथे दुसरा एखादा शिष्य भक्तीत रमला असता. गुणे यांचा पिंड श्रद्धाळू होता, पण तितकाच चिकित्सकही होता. गुरूंनी सांगितले ते खरे, असे म्हणून ते थांबले नाहीत. हे का घडते, आणि ते दुसऱ्याला दाखवता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधायला ते पुन्हा बडोद्याला आले. १९२०-२१ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या सरकारी इस्पितळात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. विषय होते उड्डियान बंध आणि नौली. श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत आणि वर ओढून घेणे म्हणजे उड्डियान, आणि त्या स्थितीत पोटाचे मधले स्नायू दोरासारखे वेगळे काढून फिरवणे म्हणजे नौली. या क्रियांच्या वेळी पोटात काय चालते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले.

योगी लोक नौली करून गुदद्वारावाटे पाणी वर ओढून घेतात. परंपरेने त्याचे कारण वायू असे सांगितले जाई. कुवलयानंदांनी पुढे दाबमापक लावून दाखवले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि म्हणून पाणी आपोआप आत ओढले जाते. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरूंविषयीची कृतज्ञता आणि यंत्राने मोजलेला आकडा या एकाच नावात एकत्र आल्या.

हे करण्यात जोखीम होती. गुप्त विद्या म्हणून जपलेल्या गोष्टी इस्पितळाच्या टेबलावर मांडणे हे जुन्या वळणाच्या साधकांना रुचणारे नव्हते. दुसरीकडे, इंग्रजी शिकलेल्या पुष्कळ डॉक्टरांच्या लेखी योग म्हणजे बैराग्यांचे खेळ होते. आणि सगळ्यांत मोठी जोखीम म्हणजे यंत्र उलट उत्तर देईल ही. आयुष्य ज्यावर ओवाळून टाकले, तेच चुकीचे ठरले तर?

तशी वेळ खरोखरच आली. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. स्वामींनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले, तेव्हा त्या समजुतीला आधार मिळाला नाही. त्यांनी ते झाकून ठेवले नाही, छापून टाकले. प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नसून श्वासावर आणि मज्जासंस्थेवर येणाऱ्या ताब्यात आहे, अशी मांडणी त्यांनी केली. लोकांच्या आवडीचा दावा सोडून देऊन खरे तेवढेच हाती ठेवायचे, हे त्या काळच्या योगप्रचारकाला परवडण्यासारखे नव्हते. पण पुढे डॉक्टरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो अशाच गोष्टींमुळे, असे आम्हाला वाटते.

लोणावळ्याचे कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. आश्रम आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असलेली अशी संस्था तेव्हा नवलाईचीच होती. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात प्रयोगांचे तपशील शास्त्रज्ञांसाठी आणि आसनांची सोपी माहिती सामान्यांसाठी, अशी निरनिराळ्या वाचकांची सोय केलेली असे. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. कुवलय म्हणजे नीलकमळ.

पुढच्या काळात त्यांची ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तके आली. १९३६ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उघडले. कचेरीत बसणारा शहरी माणूस लोणावळ्यापर्यंत येणार नाही, तर योगानेच त्याच्या दारात जावे, हा त्यामागचा विचार. शाळांमधून मुलांना सांघिक पद्धतीने आसने कशी शिकवावीत, याचीही आखणी त्यांनी केली. माणिकरावांच्या आखाड्यातली कवायत तिथे उपयोगी पडली.

परदेशातूनही लोक येऊ लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंधित असलेले कोवूर बेहानन हे लोणावळ्याला राहून शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक लिहिले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून जोसेफीन रॅथबोन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका आल्या. त्यांचा आवडीचा विषय होता स्नायूंचा ताण आणि तो सैल कसा करावा. १९४३ साली त्यांचे विश्रांती याच विषयावरचे पुस्तक निघाले. आज आपल्याकडे विश्रांतीचा योग परदेशी नावाने येतो, पण त्या विद्येची देवाणघेवाण लोणावळ्याच्या पावसात इतकी जुनी आहे.

शवासन: दिसायला सोपे, करायला अवघड

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शवासन हे काही स्वामींनी शोधलेले नाही. हठप्रदीपिकेत ते आहे, आणि उताणे पडून केलेल्या या आसनाने थकवा जातो व चित्ताला विश्रांती मिळते, एवढा त्याचा गुण तिथे सांगितला आहे. स्वामींनी त्याकडे बारकाईने पाहिले. व्यायाम आणि आसन यांत त्यांनी मूलभूत फरक केला. व्यायामात स्नायू जोर लावून काम करतात आणि शेवटी दमतात. आसनात जितका कमी जोर तितके ते चांगले, आणि हे पतंजलींच्या योगसूत्रांतील प्रयत्नशैथिल्याच्या कल्पनेला धरूनच आहे. शवासन हे त्या दिशेने टाकलेले शेवटचे पाऊल.

आपण पडलो तरी आपले स्नायू पूर्ण सैल नसतात. कपाळाला आठी असते, दात एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, खांदे वर ओढलेले असतात. स्नायूंचा हा ताण मेंदूला जागते राहण्याचा निरोप देत राहतो. मन अस्वस्थ म्हणून शरीर ताठ, आणि शरीर ताठ म्हणून मन अस्वस्थ, असा रहाट फिरत राहतो. शवासनात तो शरीराच्या बाजूने थांबवायचा असतो.

त्याची रीत अशी. जमिनीवर सतरंजी किंवा पातळ अंथरूण घालून उताणे पडावे. पायांत थोडे अंतर, हात शरीरापासून जरा दूर, तळवे वर, डोळे मिटलेले. मग एकेका अवयवाकडे लक्ष नेऊन तो सैल सोडावा. छाती, पोट, पाय, हात, चेहरा, काही सुटू देऊ नये. शरीर सैल झाले की लक्ष श्वासाकडे न्यावे. आधी श्वास येतो-जातो तो नुसता पाहावा, त्यात ढवळाढवळ करू नये. सवय झाल्यावर आत घेण्याचा आणि बाहेर सोडण्याचा वेग हळूहळू सारखा करावा. झोप लागू द्यायची नाही. म्हणूनच हे आसन वामकुक्षीपेक्षा वेगळे आहे आणि म्हणूनच ते शिकावे लागते. सुरुवातीला पाच मिनिटेही पुष्कळ होतात.

उच्च रक्तदाबाच्या माणसाला याचा उपयोग होतो, असे स्वामींचे निरीक्षण होते. महात्मा गांधींचा त्यांच्याशी संबंध आला तो याच निमित्ताने. १९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणी भागाच्या दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब वाढला आणि त्यांना दौरा थांबवावा लागला. आधी आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर त्यांना विश्रांतीसाठी नेण्यात आले. त्या दिवसांत आसने आणि श्वसन यांबाबत त्यांनी स्वामींशी पत्रव्यवहार केला. साऱ्या देशाचा भार वाहणाऱ्या माणसालाही स्वस्थ पडणे दुसऱ्याकडून शिकून घ्यावेसे वाटले, याची आठवण आपल्यातील कामसू मंडळींनी ठेवावी.

अखेरची वर्षे आणि नंतर

स्वातंत्र्यानंतर लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे यौगिक उपचारांचे इस्पितळही उभे राहिले. १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन योग्यांच्या परीक्षणासाठी भारतात आले, तेव्हा कैवल्यधामचे दार त्यांना उघडे होते. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह स्वामींनी लिहिलेले यौगिक उपचारांवरचे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्यशिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. बडोद्याच्या इस्पितळात सुरू झालेल्या कामाला अशी राजमान्यता मिळायला चाळीस वर्षे लागली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकात छापले. लेखकांत विनेकर यांचेही नाव होते. अनेकांचा रक्तदाब उतरला, आणि औषधे चालू असलेल्यांपैकी काहींची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. आजच्या कसोट्यांनी हा अभ्यास लहानच म्हणावा लागेल. पण शवासनाचा परिणाम रक्तदाबाच्या यंत्रावर मोजून जगापुढे ठेवला गेला, आणि स्वामींनी आयुष्यभर हेच मागितले होते. वाचकांनी मात्र डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. तसे करणे स्वामींच्या शिस्तीत बसणारे नाही.

लोड-उशांचा आधार घेऊन करायची आसने स्वामींच्या नंतर पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या हाताखाली वाढली आणि त्यांच्या शिष्यांनी ती अमेरिकेत नेली. तिकडून ती नवे नाव घेऊन आपल्या शहरात परत आली. साधने बदलली. स्नायू सैल करायचे, श्वास पाहायचा आणि जागे राहायचे, ही गोष्ट तीच राहिली.

डभोईहून बडोदे, बडोद्याहून अमळनेर, मालसर आणि लोणावळा असा हा प्रवास आहे. त्यातला बराचसा आपल्याच जिल्ह्यात घडला. जुम्मादादा व्यायामशाळेचे नाव अजून आहे, नर्मदा अजून मालसरवरून वाहते. उत्सवाचे दहा दिवस मंडप, आरती, प्रसाद, नाटकाच्या तालमी आणि विसर्जनाची मिरवणूक यांत आपले कार्यकर्ते रात्रंदिवस राबतात. आमची त्यांना विनंती एवढीच आहे की अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सतरंज्या गोळा करण्याआधी त्यांतल्या एकीवर प्रत्येकाने दहा मिनिटे उताणे पडावे, डोळे मिटावेत आणि दात सैल सोडावेत. झोप लागली तर लागू द्या. नाही लागली, तर गुणे मास्तरांच्या मुलाने काय सांगितले होते ते कळायला सुरुवात होईल.

श्रीगजानन सर्वांना आरोग्य आणि शांत झोप देवो.